ऑनलाइन मागवलेला सुटा भाग गाडीला लावण्यापूर्वी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या ऑनलाइन सेलमध्ये हल्ली मोबाइल आणि कपड्यांच्या जोडीने गाडीचे ब्रेक पॅड, स्पार्क प्लग, ऑइल फिल्टर, बेअरिंगही धडाधड विकले जातात. गिऱ्हाईक घरबसल्या भाग मागवते, पार्सल घेऊन गॅरेजमध्ये येते आणि ‘माल माझा, मजुरी तेवढी सांगा’ म्हणते. यात गैर काहीच नाही. पण याच वाटेने बनावट माल सर्रास गाड्यांमध्ये शिरतो आहे. तो ओळखायच्या खुणा गॅरेजवाल्यांना ठाऊक असतात, पैसे मोजणाऱ्याला नसतात. त्या खुणा वाचकांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. स्वस्त माल म्हणजे बनावट माल नव्हे. गाडीच्या कंपनीच्या खोक्यात येणारा भाग बहुतेक वेळा दुसऱ्याच उत्पादकाने बनवलेला असतो. बॉश, व्हॅलिओ, राणे, ब्रेक्स इंडिया, लुमॅक्स अशा कंपन्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. हा दुसरा माल कमी किमतीत मिळतो आणि बिनधास्त घ्यावा. त्याखाली लोकल माल येतो. तो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खोक्यात विकला जातो. दर्जा डावा-उजवा असतो, पण त्यात फसवणूक नसते. बनावट माल म्हणजे दुसऱ्याचे नाव, खोके आणि भाग क्रमांक चोरून विकलेला माल. जाहिरातीत ‘ओईएम क्वालिटी’ (ओईएम म्हणजे गाडीच्या कंपनीला पुरवला जाणारा मूळ माल), ‘ओरिजनल टाइप’, ‘अमुक गाडीसाठी योग्य’ असे शब्द असतील आणि उत्पादकाचे नाव कुठेच नसेल, तर विकणाऱ्याने अस्सल मालाचे वचन दिलेलेच नाही, हे समजून चालावे. पुढे तक्रार केली तर तो नेमके याच शब्दांकडे बोट दाखवतो.

मागवण्याआधी भाग क्रमांक हाती असलाच पाहिजे. आरसी बुकावर १७ अक्षरी चॅसिस क्रमांक असतो. तो कंपनीच्या अधिकृत स्पेअर काउंटरवर सांगितला की तुमच्या गाडीचा नेमका भाग क्रमांक मिळतो. जुना क्रमांक बंद होऊन नवा आला असेल तर तोही तिथेच कळतो. ‘या मॉडेलच्या सर्व गाड्यांसाठी’ अशी ब्रेक पॅडची जाहिरात दिसली की पुढे सरकावे. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत, किंवा दोन वेगळ्या वर्षांच्या गाड्यांत कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) वेगळा असू शकतो, आणि मग पॅडचा आकारही बदलतो.

नंतर विक्रेता पाहावा. प्लॅटफॉर्मच्या गोदामातून माल आला, त्यांच्याच टेपने पार्सल बांधलेले असले, तरी विकणारा तिसराच असतो. जाहिरातीखाली बारीक अक्षरात त्याचे नाव असते, त्यावर बोट ठेवावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याच्या व्यवसायाचे नाव, पत्ता आणि संपर्क क्रमांक ग्राहकाला दिसलाच पाहिजे, मालाचा मूळ देशही. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक मिळाला तर जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता शोधता येतो. क्रमांक १५ अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे : महाराष्ट्र २७, गोवा ३०, दिल्ली ०७. नोंदणी चालू आहे का, कधीची आहे, आणि हा माणूस कोणता माल विकतो म्हणून नोंदला गेला आहे, हे तिथे दिसते. गाडीच्या सुट्या भागांचा एचएसएन गट, म्हणजे करासाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, ८७०८. फिल्टर ८४२१ मध्ये, स्पार्क प्लग ८५११ मध्ये येतात. तीन महिन्यांपूर्वी नोंदलेला, कपड्यांचा व्यापार दाखवणारा विक्रेता नामांकित कंपनीचे ब्रेक पॅड निम्म्या किमतीत विकत असेल, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही. खात्री करायचीच असेल तर उत्पादकाच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून ‘हा विक्रेता तुमचा अधिकृत आहे का’ एवढेच विचारावे. दोन मिनिटांचे काम आहे आणि ते फारच थोडे लोक करतात.

किमतीचे गणितही सोपे आहे. खोक्यावरची एमआरपी सर्व करांसह असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. समजा पॅडच्या संचाची एमआरपी २,४०० रुपये आहे आणि तो ७०० रुपयांना घरपोच मिळतो आहे. त्या ७०० मधले सुमारे १०७ रुपये कराचे. उरले ५९३. त्यातून प्लॅटफॉर्मचे कमिशन, कुरिअर, पॅकिंग आणि विक्रेत्याचा नफा वजा करा. जे उरते त्यात चार अस्सल पॅडचे पोलाद आणि घर्षण-मिश्रणसुद्धा येत नाही. ओळखीच्या दुकानात अस्सल मालावर दहा-पंधरा टक्के सूट मिळते, ऑनलाइन थोडी जास्त मिळू शकते. त्याच्या फार पलीकडची सूट बहुतेक वेळा मालाच्या दर्जातूनच भरून काढलेली असते.

पार्सल फोडताना एकसलग व्हिडिओ काढावा : आधी ऑर्डर क्रमांकाचे लेबल, मग सहाही बाजू, मग सील, मग आतला भाग. मध्ये कॅमेरा बंद केला तर त्या व्हिडिओवर शंका घेतली जाते. बिलावरचा विक्रेता आणि जाहिरातीतला विक्रेता एकच आहे का, बिलावर भाग क्रमांक आहे का, हे पाहावे. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, मालाचे नाव, नग, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क असणे वैधमापन नियमांनुसार सक्तीचे आहे. छापील एमआरपीवर दुसरी चिकटपट्टी, महिना-वर्ष गायब, पत्त्यात नुसतेच ‘मेड फॉर इंडिया’ असे दिसले की थांबावे. खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि भागावर कोरलेला बॅच क्रमांक जुळतो का, हेही बघावे.

क्यूआर कोड आणि होलोग्रामवर मात्र लोक नको इतका भरवसा ठेवतात. बनावट खोक्यावरचा क्यूआर स्कॅन केला तर ‘अस्सल आहे’ असे सांगणारे पान उघडतेच, कारण ते पानही त्यांनीच बनवलेले असते. म्हणून पानाचा पत्ता अक्षर अन् अक्षर वाचावा, किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन तिथे अनुक्रमांक टाकावा. ‘हा क्रमांक याआधी तपासला गेला आहे’ असे उत्तर आले तर एकच खरा क्रमांक हजारो खोक्यांवर छापला असण्याची दाट शक्यता आहे. होलोग्राम तिरका करून पाहिल्यावर चित्र हलले पाहिजे किंवा बदलले पाहिजे. नुसता चमकणारा चंदेरी कागद म्हणजे होलोग्राम नव्हे. आणि कधीकधी खोके, सील, होलोग्राम सगळे खरे असते, आतला माल तेवढा बदललेला असतो. त्यामुळे शेवटी भागच हातात घेऊन पाहावा लागतो.

सर्वांत जास्त वेळ ब्रेक पॅडला द्यावा. चांगला पॅड बनताना पोलादी पाठपट्टी आधी खरखरीत करून घेतात, तिला चिकट द्रव लावतात, त्यावर रेझिन, तंतू, धातूची पूड, ग्रॅफाइट यांचे मिश्रण उष्ण दाबाखाली बसवतात आणि मग भट्टीत तासन् तास पिकवतात. बनावट पॅडमध्ये हे पिकवणेच वाचवलेले असते. शहरात रहदारीत तो पॅड बरा चालतो, म्हणून तर लोक फसतात. कसारा, आंबोली किंवा वरंध घाट उतरताना पॅडचे तापमान ३०० अंशांच्या पुढे जाते. कच्च्या रेझिनमधून वायू सुटतो आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्याचा थर धरतो. अशा वेळी पेडल कडक लागते, पाय दाबूनही गाडी मात्र थांबत नाही. (पेडल मऊ होऊन खाली गेले तर दोष ब्रेक ऑइलचा, ते उकळले आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.) दुसरा प्रकार याहून वाईट : मिश्रणाचा थर पाठपट्टीपासून सुटून पडतो आणि डिस्कवर लोखंड घासायला लागते.

तपासायचे असे. पुढच्या चाकांच्या संचातले चारही पॅड उजेडात शेजारी ठेवा. नव्या पॅडचे घर्षण-मिश्रण साधारण १० ते १२ मिलिमीटर आणि पाठपट्टी ५ ते ६ मिलिमीटर जाड असते. व्हर्नियरने मोजल्यावर पॅडापॅडांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक निघायला नको. सारख्या आकाराचे दोन पॅड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले तर वजन जवळजवळ सारखेच भरले पाहिजे. मिश्रण आणि पाठपट्टी यांच्या सांध्यावर नखाने ओरखडा काढा. भुगा पडला किंवा केसासारखी फट दिसली तर पॅड लावू नका. पाठपट्टी सपाट ठेवल्यावर डगमगता कामा नये, आणि रंगाखाली गंज नको. पाठीवर किंवा कडेवर उत्पादकाची खूण, मिश्रणाचा क्रमांक आणि बहुधा दोन अक्षरांची घर्षण श्रेणी असते : ईई, एफएफ, जीजी अशी. पहिले अक्षर साधारण तापमानावरचे, दुसरे तापल्यावरचे. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५. चारही पॅडांवर ही ओळ एकसारखी हवी. एकावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी असेल तर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. युरोपीय मानक पाळणाऱ्या पॅडवर वर्तुळातला ई आणि ‘९०आर’ने सुरू होणारा क्रमांकही सापडतो. शिम (पाठीवरची पातळ पट्टी), क्लिप आणि झिजल्याची सूचना देणारी पट्टी जुन्या पॅडला असेल तर नव्यालाही असायलाच हवी. पॅड बसवल्यावर पहिले २००-३०० किलोमीटर जोरात ब्रेक मारणे टाळावे, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतो. आणि घाटात नेण्याआधी मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी किती सरळ थांबते ते पाहावे.

ऑइल फिल्टर बाहेरून सगळे सारखेच दिसतात, कारण खरे काम डब्याच्या आत असते. तोंडाकडच्या छोट्या छिद्रांमधून आत रबराचा पडदा दिसतो. इंजिन बंद झाल्यावर ऑइल परत खाली जाऊ नये यासाठी तो असतो. काडीने हलकेच दाबल्यावर तो मऊपणे आत जाऊन लगेच परत आला पाहिजे. बनावट फिल्टरमध्ये हे रबर कडक असते किंवा नसतेच. मग सकाळी गाडी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते आणि ऑइलचा लाल दिवा रेंगाळतो; टर्बो असलेल्या इंजिनाच्या बेअरिंगला तेवढे सेकंदही महाग पडतात. फिल्टर तुंबला तर ऑइलला पर्यायी वाट देणाऱ्या आतल्या बायपास व्हॉल्व्हची स्प्रिंग ढिली असेल तर न गाळलेले ऑइल कायमच इंजिनात फिरते, आणि ते बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून शंका आली तर काढलेला जुना फिल्टर कापून पाहावा : कागदाच्या घड्या किती आणि किती समान, टोकांना गोंद पूर्ण लागला आहे का, कागद कुठे फाटला आहे का. आटे हा आणखी एक धोका. इंजिनावरच्या पाऊण इंची बोल्टवर २० मिलिमीटर आट्याचा फिल्टर सैल का होईना, बसतो. दाब आला की तोच फिल्टर उडतो आणि इंजिनातले सगळे ऑइल रस्त्यावर सांडते. नवा फिल्टर हाताने फिरवतानाच सैल वाटला तर तिथेच थांबावे. डिझेल गाडीच्या इंधन फिल्टरबाबत तर तडजोडच नको. कॉमन रेल (सर्व इंजेक्टरना एकाच नळीतून उच्च दाबाने डिझेल देणाऱ्या) इंजिनात इंजेक्टरपाशी १,६०० ते २,००० बारचा दाब असतो, तिथे बारीक कणही सुईची बैठक खरवडून टाकतो. फिल्टरवर वाचवलेल्या दोनशे रुपयांपायी इंजेक्टरचे हजारो रुपये जातात.

स्पार्क प्लगसाठी मल्टिमीटर पुरतो. प्लगच्या क्रमांकात आर असेल तर आत रेझिस्टर असतो. वरच्या टोकापासून मधल्या इलेक्ट्रोडपर्यंत साधारण ३ ते ८ किलोओहम रोध दिसला पाहिजे. शून्य दिसला तर रेझिस्टर नाही, आणि त्याचा विद्युत गोंधळ इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचतो. इरिडियम प्लगचे मधले टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक असते आणि भिंगातून वेल्डिंगची बारीक कडी दिसते. नकली प्लगमध्ये साधे निकेलचे टोक घासून बारीक केलेले असते. ते काही हजार किलोमीटरमध्ये झिजते. आटे गुळगुळीत हवेत, कुसळे नकोत. वॉशर बोटाने फिरवून सहज निघून यायला नको. चिनी मातीला तडा गेला तर इंजिन मिसफायर करते, न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याची जाळी वितळते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला की गाडी दामटू नये, याचे कारण हेच.

व्हील बेअरिंगवरची अक्षरे लेझरने कोरलेली असतात. थिनरच्या फडक्याने पुसल्यावर ती फिकट झाली तर माल खोटा. जुने बेअरिंग घासूनपुसून, ग्रीस भरून नव्या खोक्यात विकण्याचा धंदाही चालतो, त्यामुळे कडेवर जुन्या ठोक्याच्या खुणा शोधाव्यात. आताच्या अनेक बेअरिंगच्या एका सीलमध्ये एबीएससाठी (ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी) चुंबकीय कडी असते. नकली मालात ती नसते किंवा क्षीण असते, आणि बेअरिंग बदलल्यावर थोड्याच अंतरात एबीएसचा दिवा पेटतो. गॅरेजमध्ये चुंबकीय पट्टे दाखवणारे कार्ड असेल तर बसवण्याआधीच हे कळते. एसकेएफसारख्या कंपनीचे बेअरिंगचे फोटो पाठवून खात्री करून घेण्याचे अ‍ॅपही आहे, ते वापरावे.

हेडलाइटच्या बल्बमध्ये वॉट पाहावेत. एच-४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. ‘दुप्पट उजेड’ म्हणून १००/९० वॉटचा लावला तर होल्डर आणि वायरिंग वितळते. टायर आणि काच यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. कारच्या टायरला आयएस १५६३३, गाडीच्या काचेला आयएस २५५३ चा दुसरा भाग. खुणेसोबतचा सीएम/एल परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव समोर येते. एअरबॅग मात्र ऑनलाइन घेऊच नये, सुटीही नको आणि ‘काढलेली पण चालू’ म्हणून तर मुळीच नको. २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी नामांकित कंपन्यांच्या नावाच्या बनावट एअरबॅगांचा मोठा साठा पकडला होता. एअरबॅग वापरण्याआधी तपासून पाहायचा कोणताही उपाय ग्राहकाकडे नाही.

शंका आली तर भाग गाडीला लावू नये. एकदा लावला की विक्रेता ‘बसवताना खराब केला’ म्हणून हात झटकतो. गॅरेजकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्याव्यात, फोटो उत्पादकाला पाठवून ‘हा आमचा माल नाही’ असे लेखी उत्तर मिळवावे. याहून भक्कम पुरावा नाही. मग प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे, आणि माल बनावट असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पाचशे रुपयांच्या पॅडसाठी कोण एवढे करणार, असे अनेकांना वाटते. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ९१ नुसार बनावट मालामुळे ग्राहकाचा मृत्यू झाल्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. कायद्याने हा गुन्हा किरकोळ मानलेला नाही.

बनावट माल भरायला खरी खोकी आणि बाटल्या लागतात, आणि त्या आपल्याच गॅरेजमधून भंगारात जातात. इंजिन ऑइलचा रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी आडवा कापावा, झाकण वेगळे टाकावे. पार्टचे खोके फाडावे, होलोग्राम ओरबाडावा, जुन्या पॅडवर आणि बेअरिंगवर ग्राइंडर फिरवावा. हे काम आपल्यासमोर करून घेण्याचा आग्रह गाडीमालकांनी जरूर धरावा. चांगला मेकॅनिक त्याला नाही म्हणणार नाही.

आता मागणी. सीटबेल्टचा अलार्म बंद पाडणाऱ्या क्लिपा ऑनलाइन विकल्या जात होत्या, तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. म्हणजे इच्छा असेल तर हे करता येते. तसाच आदेश ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि एअरबॅगच्या भागांसाठी काढावा. नामांकित उत्पादकाच्या नावाने असा भाग विकणाऱ्याकडे त्या उत्पादकाचे अधिकारपत्र असल्याशिवाय जाहिरात झळकू देऊ नये, आणि ते पत्र ग्राहकाला जाहिरातीतच पाहता यावे. शिवाय सात-दहा दिवसांची परतीची मुदत अशा भागांना पुरत नाही; गाडी सर्व्हिसिंगला लागेपर्यंत तीन आठवडे सहज जातात. ती किमान ३० दिवसांची करावी.

आपला,
गॅरेज व्यवसायातील एक वाचक, नाशिक